माथेरानच्या जुन्या बंगल्यात मुक्कामाला जाण्यापूर्वी

माथेरानला एखाद्या जुन्या बंगल्यात चालणाऱ्या हॉटेलात दोन दिवस राहायचा बेत असेल, तर तयारी खोली आरक्षित करण्याच्या आधीपासूनच सुरू करावी. एरवी हॉटेलात जाताना आपण भाडे आणि छायाचित्रे पाहतो आणि बाकीचे तिथे गेल्यावर बघू म्हणतो. इथे तसे चालत नाही, कारण मोटारगाडी गावाबाहेरच्या दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाही. बंगल्यातली गादी, गॅसचा सिलिंडर, भाजी, दूध, अंडी, धुऊन आलेल्या चादरी यांतली प्रत्येक वस्तू नाक्यापासून पुढे माणसाच्या डोक्यावरून, घोड्याच्या पाठीवरून किंवा गाडीवर ढकलत आलेली असते. ऐनवेळी मागितलेली गोष्ट म्हणूनच मिळत नाही, आणि मिळाली तर कोणाला तरी तेवढा लाल मातीचा रस्ता पुन्हा तुडवावा लागतो. आधी विचारून घ्यावे, सामान कमी न्यावे आणि वेळ हाताशी ठेवावा, एवढ्यावर पुढची सगळी यादी उभी आहे.

या घरांचा थोडा इतिहास माहीत असला, तर काय विचारायचे ते आपोआप सुचते. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५०च्या मे महिन्यात हा डोंगर चढून आले आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात इथे वस्तीने आकार घेतला. साहेबांच्या मागोमाग मुंबईतल्या धनिक पारशी, बोहरी आणि गुजराती कुटुंबांनीही उन्हाळ्यासाठी बंगले बांधले. नेरळहून वर येणारी छोटी रेल्वे आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने बांधली आणि ती १९०७ साली सुरू झाली. त्याआधी लोक घोड्यावरून, पालखीतून किंवा पायी येत असत. म्हणजे यांतले बरेच बंगले वीज, नळ आणि रेल्वे येण्यापूर्वीचे आहेत. जाड भिंती, उंच छत, कौले आणि चहूबाजूंनी किंवा निदान समोर भला मोठा व्हरांडा ही त्यांची रचना. न्हाणीघर मुळात घराबाहेर किंवा मागच्या पडवीत असे. आज खोलीला जोडून दिसते ते पुष्कळदा मागाहून काढलेले असते, आणि म्हणून त्याला एखाद-दुसरी पायरी उतरावी लागते, दार अरुंद असते किंवा गरम पाणी ठरावीक वेळेलाच येते.

आरक्षणाचा फोन करताना सर्वांत आधी हे विचारावे, की दिली जाणारी खोली मूळ बंगल्यातली आहे की आवारात नंतर बांधलेल्या इमारतीतली. छायाचित्रे जवळजवळ नेहमीच मूळ बंगल्याची असतात आणि खोल्यांपैकी थोड्याच त्यात असतात. माझे मत स्पष्ट आहे: मूळ बंगल्यात खोली मिळत नसेल तर तारीख बदलावी, पण मागच्या इमारतीत राहू नये; तिथे राहायचे तर बाजारातले साधे हॉटेल स्वस्तही पडते आणि सोयीचेही. त्यानंतर खोली तळमजल्यावर आहे का, तिचे दार व्हरांड्यात उघडते का, आणि तो व्हरांडा आपल्यापुरता आहे की सगळ्यांचा, हे विचारावे. वातानुकूलन नसेल तर त्याची खंत करू नये, उंच छताच्या खोलीत ऑक्टोबर ते मार्च त्याची गरज भासत नाही. मात्र वीज गेल्यावर जनरेटर किंवा इन्व्हर्टर किती वेळ चालतो आणि त्यावर पंखा चालतो की नुसते दिवे, याचे उत्तर नीट मिळवावे. बाजारापासून बंगला किती चालीवर आहे आणि रात्री त्या वाटेवर दिवे आहेत का, हेही त्याच फोनवर उरकावे. फोनवर ठरलेले सारे एका छोट्या संदेशात लिहून व्यवस्थापकाला पाठवले, तर दोन्ही बाजूंच्या लक्षात राहते.

तारखा ठरवताना शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी, नाताळ आणि मे महिना शक्यतो टाळावा. हे केवळ भाड्यासाठी सांगत नाही. जुन्या घराचे खरे सुख व्हरांड्यात बसण्यात असते, आणि शेजारच्या चार खोल्यांत मोठी मंडळी उतरली की त्या व्हरांड्यात निवांतपणा उरत नाही. मंगळवारी जाऊन गुरुवारी परतणे मुंबईच्या नोकरदाराला अवघड असते हे खरे, पण तीन दिवसांची रजा इथे सत्कारणी लागते. मुक्काम निदान दोन रात्रींचा असावा, कारण पहिला दिवस पोहोचण्यात आणि दमण्यात जातो. पावसाळ्याचे गणित वेगळे आहे. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मिनीट्रेन नेरळ ते अमन लॉज (दस्तुरी नाक्याजवळचे स्थानक) या टप्प्यावर बंद ठेवतात, काही हॉटेलेही त्या काळात दारे लावून घेतात, आणि उघडी असतात त्यांचे व्हरांडे झडी, म्हणजे पाऊस अडवणारे आडोसे, लावून झाकलेले असतात, म्हणजे समोरचे रान दिसतच नाही. धुके आणि पाऊस अंगावर घेण्याची हौस असेल त्याने अवश्य जावे, पण अंथरूण दमट लागेल, लाकडी दारे फुगून बसतील आणि कपडे वाळणार नाहीत, हे मनाशी धरून जावे. पहिल्यांदा जाणाऱ्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा.

प्रवासाचा टप्पा मुंबईकराला सोपा वाटतो आणि तिथेच वेळ चुकते. कर्जतकडे जाणाऱ्या लोकलने नेरळला उतरावे. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलावी. नेरळहून दोन वाटा आहेत. पहिली मिनीट्रेनची: सुमारे २१ किलोमीटरचा, दोन फूट रुंदीच्या रुळांवरचा हा प्रवास जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही स्थानके घेत वर येतो आणि त्याला अडीच तासांहून जास्त लागतात. जुन्या बंगल्यात उतरणाऱ्याने एकदा तरी याच गाडीने जावे, कारण डोंगराच्या वळणांवरून तिच्यासारखे हळूहळू वर येणे हाच त्या घरात शिरण्याचा योग्य मार्ग आहे. पण गाड्या थोड्या आणि जागा मोजक्या असल्याने मध्य रेल्वेचे चालू वेळापत्रक निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावे आणि नेरळला बरेच आधी पोहोचून तिकिटाच्या रांगेत उभे राहावे. २००५च्या जुलैमधल्या आणि नंतर २०१९च्या पावसाने हा मार्ग वाहून गेला होता आणि दोन्ही वेळा तो दीर्घकाळ बंद राहिला; तेव्हा या गाडीला गृहीत धरू नये आणि दुसरी वाट ठाऊक असावी. ती म्हणजे नेरळ स्थानकाबाहेरून टॅक्सीने दस्तुरी नाका. तिथे नगर परिषदेचा प्रवेश कर भरायचा, आणि मग पुढचे साधारण अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर, ई-रिक्षाने किंवा नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंत धावणाऱ्या मिनीट्रेनच्या शटल गाडीने जायचे. स्वतःची मोटार नेणाऱ्यांनाही ती दस्तुरीलाच उभी करावी लागते.

वडीलधारी माणसे बरोबर असतील, तर हा शेवटचा टप्पा सर्वांत आधी ठरवावा. पूर्वी अशा वेळी हातरिक्षा करीत. माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत सहा महिन्यांत थांबवावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये दिला, आणि तो योग्यच होता. म्हणून त्या आठवणीवर बेत रचू नये. ई-रिक्षा आहेत, पण त्यांची संख्या मर्यादित आहे. आई-वडिलांसाठी शटल गाडी सर्वांत सुखाची, आणि माथेरान स्थानकापासून बंगल्यापर्यंत काय मिळेल ते हॉटेलला विचारून ठेवावे. घोडा करायचा झाल्यास नाक्यावरचा दरफलक आधी वाचावा, ठिकाण बंगल्याच्या नावाने सांगावे आणि भाडे बसण्यापूर्वी ठरवावे. सामानाचेही तसेच. हमालाला एका ओझ्याचे किती द्यायचे ते ठरवताना घासाघीस करू नये. पिशव्या त्याच्या डोक्यावर असतात आणि चढ आपल्याला रिकाम्या हातांनीही लागतो.

सामान भरताना चाकांची बॅग घरीच ठेवावी. रस्त्यावर लाल मातीचा फुफाटा आणि त्यातून वर आलेले जांभ्याचे दगड असतात. चाके दहा पावलांत निरुपयोगी होतात आणि मग ती बॅग हातात उचलूनच न्यावी लागते. पाठीवरची एक पिशवी आणि हातातली एक, एवढ्यात दोन दिवस सहज भागतात. पांढरे कपडे आणि पांढरे मोजे नेऊ नयेत, ती माती धुतल्यावरही पूर्ण जात नाही. पकड असलेले, आधी वापरलेले बूट घालावेत. घरात वावरायला वेगळ्या चपला घ्याव्यात, म्हणजे बाहेरची माती जुन्या फरशीवर येत नाही. थंडीत रात्री शाल किंवा जाड स्वेटर लागतो. टॉर्च मोबाइलचा पुरत नाही, वेगळा घ्यावा. मुंबईत वाढलेल्या मुलांना खरा काळोख बहुधा इथेच पहिल्यांदा दिसतो, आणि त्यांच्या हातात आपापला टॉर्च असला की ती घाबरण्याऐवजी तो पाहू लागतात. नेहमीची औषधे दोन दिवस जास्तीची घ्यावीत. नगर परिषदेचे रुग्णालय आहे आणि रुग्णवाहिकेला वर यायला परवानगी आहे, पण मोठ्या उपचारांसाठी डोंगर उतरावाच लागतो. रोख पैसे सुट्ट्या नोटांसह जवळ असावेत, कारण मोबाइलची रेंज झाडीत कुठेही जाते आणि घोडेवाल्यासमोर उभे राहून पैसे जाण्याची वाट पाहत बसणे दोघांनाही त्रासाचे होते. पाण्याची भरून नेता येणारी बाटली प्रत्येकाची वेगळी घ्यावी. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, आणि इथे वर आलेला कचरा पुन्हा खाली न्यावा लागतो. वेष्टने आणि रिकामी पाकिटे आपल्याच पिशवीतून परत आणावीत.

जेवणाबद्दल आधीच बोलून घ्यावे. अशा घरांत बहुधा नाश्ता, दोन्ही वेळचे जेवण आणि चहा भाड्यातच धरलेला असतो आणि वेळा ठरलेल्या असतात. सकाळचा चहा आणताना खानसामा रात्री किती माणसे जेवणार ते विचारतो, त्याच वेळी नेमके सांगावे. उपवास असेल, जैन जेवण हवे असेल, लहान मुलाला मऊ भात लागणार असेल, तर ते आरक्षणाच्या वेळी कळवावे आणि पोहोचल्यावर एकदा आठवण द्यावी. रात्री अकराला काही खायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये.

आता खुद्द घरात कसे राहायचे, याचीही तयारी करावी लागते, आणि तीच बहुतेक जण विसरतात. खोलीत गेल्याबरोबर सामान उघडण्याआधी तिथल्या माणसाकडून खिडक्या-दारे लावून-उघडून पाहावीत. जुन्या खिडकीला लाकडी झिलमिली असते. तिच्या पट्ट्या मधल्या उभ्या दांडीने एकदम फिरतात, एकेक पट्टी बोटाने ढकलली तर निखळते. दाराला कडीबरोबरच आतून आडणा असतो. रात्री तो घालावा आणि पहाटे व्हरांड्यात जाऊन बसतानाही दार मागे ओढून घ्यावे, कारण माकडे नुसते लोटलेले दार सहज उघडतात आणि बिस्किटांपासून टूथपेस्टपर्यंत काहीही उचलून नेतात. खाण्याची पिशवी हातात घेऊन रस्त्याने चालू नये आणि माकडांना काही देऊ नये, हे मुलांना निघण्यापूर्वी घरीच समजावून सांगावे. शेकरू दिसले तर जागेवरून हलू नये. ते झाडाच्या शेंड्यावरून निवांत जाते, आपण धावलो की दिसेनासे होते.

लाकडी सामानाची काळजी पाहुण्यांनीच घ्यायची असते. गरम कप थेट मेजावर ठेवला की पॉलिशवर पांढरे कडे उठते आणि ते सहजी निघत नाही; ओला टॉवेल वेताच्या आरामखुर्चीवर टाकला की वेत खराब होतो. त्या खुर्चीच्या लांब हातांवर पाय टाकून बसण्याची सोय मूळचीच आहे, तेव्हा खुशाल बसावे, पण मुलांना त्यांवर उभे राहू देऊ नये. भिंतीवरची छायाचित्रे, जुना नकाशा, दिवाणखान्यातले कपाट यांविषयी घरातल्या जुन्या नोकरांना विचारावे. चहाच्या वेळी त्यांना सवड असते आणि ते आपणहून दाखवतात. यासाठी दुसऱ्या दिवसाची दुपार मोकळी ठेवावी. एका दिवसात सगळे पॉइंट पाहण्याचा अट्टहास करू नये: सकाळी लवकर पॅनोरमा, संध्याकाळी पॉर्क्युपाइन, आणि वाटेत जमल्यास शार्लट तलावाकाठचे पिसरनाथाचे देऊळ, एवढे पुष्कळ आहे.

परतीची सोय आदल्या संध्याकाळी करून ठेवावी. बिल रात्रीच चुकते करावे, हमाल किंवा घोडा व्यवस्थापकाला सांगून सकाळच्या ठरलेल्या वेळेला बोलवावा, आणि नोकरवर्गासाठी द्यायची रक्कम एकाच्या हाती न देता सगळ्यांसाठी ठेवलेल्या पेटीत टाकावी, म्हणजे स्वयंपाकघरातल्या आणि बागेतल्या माणसांपर्यंतही ती पोहोचते. शटलची वेळ गाठायची असेल तर बंगल्यातून पाऊण तास आधी निघावे, आणि नेरळहून मुंबईकडे येणारी लोकल संध्याकाळच्या गर्दीच्या आत पकडायची असेल तर दुपारचे जेवण न घेता नाश्त्यानंतरच निघावे. स्वयंपाकघरात तसे आदल्या रात्रीच कळवावे, म्हणजे आपल्या वाटचे अन्न शिजून वाया जात नाही.