तिशीनंतरची आरोग्य तपासणी : या चुका टाळा

बरे वाटत असतानाच तपासणी करून घ्यावी, हे आता नागपुरात बहुतेकांना पटले आहे. मात्र तपासणी म्हणजे रक्त देणे, अशी समजूत पक्की झाली आहे आणि पुढच्या बऱ्याच चुका तिच्यातूनच होतात. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासली जावी, तसेच तोंडाच्या आणि स्त्रियांमध्ये स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीही तपासणी व्हावी, अशी अपेक्षा आहे. या पाचांपैकी रक्ताच्या नळीतून कळते ती फक्त साखर. उरलेल्या चारांसाठी कोणीतरी आपल्याला प्रत्यक्ष तपासावे लागते, आणि घरी येऊन रक्त नेणाऱ्या साठ-सत्तर चाचण्यांच्या पॅकेजमध्ये नेमके तेच होत नाही.

मोठ्या पॅकेजचा आणखी एक तोटा आहे. कित्येक चाचण्यांची ‘सामान्य’ मर्यादा निरोगी लोकांपैकी 95 टक्के तिच्यात बसतील अशा बेताने आखलेली असते. त्यामुळे एकमेकींशी संबंध नसलेल्या अशा 20 चाचण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे 64 टक्के असते. ठळक अक्षरांतल्या त्या आकड्यामागे धावण्यात पैसा आणि झोप दोन्ही जातात. लक्षण नसताना केलेल्या ‘ट्यूमर मार्कर’ (रक्तातून कर्करोगाचा माग काढू पाहणाऱ्या) चाचण्या तर मला सर्वांत त्रासदायक वाटतात.

एचबीए1सी आणि सिकलसेल

सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार विदर्भात बराच आढळतो, म्हणून केवळ एचबीए1सीवर विसंबण्याची चूक येथील वाचकांनी विशेष लक्षात घ्यावी. एचबीए1सी ही चाचणी गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगते, कारण तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात आणि तेवढ्या काळात त्यांच्यातील हिमोग्लोबिनला साखर चिकटत जाते. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी त्याआधीच नष्ट होतात. साखर चिकटायला वेळच कमी मिळाल्याने आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो आणि मधुमेह असूनही अहवाल चांगला दिसू शकतो. जे केवळ वाहक आहेत, म्हणजे ज्यांच्यात या आजाराचे एकच जनुक आहे, त्यांच्या बाबतीतही चाचणीच्या काही पद्धतींमध्ये निकाल चुकू शकतो. उलट, लोहाच्या कमतरतेमुळे झालेल्या रक्तक्षयात हाच आकडा वाढलेला दिसू शकतो. म्हणून घरात कोणाला सिकलसेल असेल, तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे आणि निदानासाठी उपाशीपोटीची साखर व ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी यांवर भर द्यावा. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास काहीही न खाता, फक्त पाण्यावर. सकाळचे तर्री-पोहे रक्त दिल्यानंतरच खावेत. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून अधिक साखर आली आणि त्रास काहीच नसला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून मगच निदान पक्के करतात.

रक्तदाब : घाईत घेतलेला आकडा

उन्हातून गाडी चालवत यायचे, जिना चढायचा आणि लगेच दंड पुढे करायचा, ही नेहमीची चूक. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू टाळावी, लघवीला जाऊन यावे आणि पाठ टेकून पाच मिनिटे शांत बसावे. दंड हृदयाच्या पातळीवर टेकलेला असावा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की आकडा विनाकारण वाढतो. 140/90 किंवा त्याहून अधिक आकडा एकदा आला म्हणून घाबरू नये, पण तो विसरूही नये. वेगळ्या दिवशी पुन्हा मोजून घ्यावा.

तोंड उघडून दाखवणे

नागपुरात खर्रा (सुपारी, तंबाखू व चुन्याचे मिश्रण) खाणारे इतके आहेत, की ही तपासणी राहून जाते याचे मला फार वाईट वाटते. लाज वाटते म्हणून खर्रा लपवला जातो, दात स्वच्छ करून घेतले जातात आणि गालाच्या आतला भाग कोणी पाहतच नाही. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, साधे तिखटही न सोसणे, स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात न जाणे, यांपैकी एक जरी आढळले तरी पुढच्या तपासणीची वाट पाहू नये. तोंड कमी उघडणे हे बहुधा सुपारीमुळे गालाच्या आतील त्वचा ताठर झाल्याचे लक्षण असते, आणि तंबाखू सोडून नुसती सुपारी चालू ठेवल्याने हा धोका टळत नाही. जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात (सरकारी आरोग्य केंद्रात) दाखवावे; तेथून पाठवले, तर शासकीय दंत महाविद्यालयात किंवा मेडिकलला (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात) त्याच आठवड्यात जावे.

स्त्रियांच्या बाबतीत पोटाची सोनोग्राफी झाली म्हणजे गर्भाशयमुखही तपासले गेले, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या स्त्रियांसाठी दर पाच वर्षांनी ठेवलेल्या तपासणीत प्रशिक्षित नर्स किंवा डॉक्टर गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून पाहतात. निकाल काही मिनिटांत कळतो. पाळीचे दिवस टाळून जावे, आणि त्याच भेटीत स्तनांचीही तपासणी करून मागावी.

आशाताई घरी येऊन तंबाखू, दारू, कमरेचा घेर, घरातील आजार यांविषयी विचारतात, तेव्हा ‘आम्हाला काही नाही’ म्हणून त्यांना दारातूनच परत पाठवू नये. त्या उत्तरांच्या गुणांवरूनच कोणाला आधी बोलवायचे हे ठरते. तपासणीला जाताना जुने अहवाल आणि चालू औषधांच्या पट्ट्या सोबत न्याव्यात, आणि निघण्यापूर्वी पुढची तारीख त्याच कागदावर लिहून घ्यावी.