टिळकवाडीतील काँग्रेस विहीर आणि वीरसौध: कसे पाहावे

बेळगावात गोगटे सर्कलवरून काँग्रेस रोडने टिळकवाडीकडे येताना लागणारा वीरसौधाचा परिसर अनेकजण केवळ फिरण्यासाठी वापरतात. परंतु तेथे इतिहास पाहावयाचा असेल, तर इमारतीकडे वळण्याआधी थेट विहिरीपाशी जावे, असे माझे मत आहे. इमारत नंतर उभारलेले स्मारक आहे, विहीर मात्र 1924 सालची आहे. त्या वर्षी 26 आणि 27 डिसेंबरला येथे भरलेल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद महात्मा गांधींनी भूषवले आणि काँग्रेसचे अध्यक्ष ते एवढ्या एकाच वेळी झाले. कर्नाटक केसरी गंगाधरराव देशपांडे यांच्या पुढाकाराने उभारलेल्या त्या नगरीला विजयनगर असे नाव दिले होते, आणि जमलेल्या माणसांच्या पाण्याची सोय व्हावी म्हणून खणलेली विहीर पंपा सरोवर म्हणून ओळखली गेली.

सोबत मुले असतील तर कठड्याशी त्यांचा हात धरून उभे राहावे आणि त्यांना एक हिशेब घालावा: हजार माणसांना प्रत्येकी 5 लिटर पाणी लागते आणि घागरीत 12 लिटर मावते असे धरले, तर रोज किती घागरी शेंदाव्या लागतील? उत्तर 417 येते, आणि अधिवेशनाला आलेली माणसे तर हजारांनी होती. नळाखाली बादली लावणाऱ्या मुलांना विहीर कशासाठी हवी होती, हे या आकड्यावरून चटकन उमगते.

त्यानंतर वीरसौधातील छायाचित्रे सावकाश पाहावीत. पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. काँग्रेसच्या सभासदाने दरमहा 2000 वार सूत द्यावे, या अटीला याच अधिवेशनात मान्यता मिळाली. आणि स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये पुढे ख्यातनाम झालेल्या गंगूबाई हनगल होत्या, तेव्हा जेमतेम अकरा वर्षांच्या.

जून ते सप्टेंबर या काळात बेळगावचा पाऊस पाहता छत्री घेऊनच निघावे. डिसेंबरातील सकाळ सर्वांत सोयीची, कारण अधिवेशनही त्याच थंडीत भरले होते. वेळ उरल्यास टिळकवाडीतून पायी फिरताना हेही सांगावे की, लोकमान्यांनी 1916 साली होमरूल लीगची स्थापना याच बेळगावात केली होती.