चीजचं ताट मांडताना रेड वाइन लांब ठेवा

चार चीज पुरे. दहा मांडलीत तर पाचव्या तुकड्यानंतर जिभेला काही कळत नाही. मी फ्रेंचच घेते: मऊ ब्री द मो, बकरीच्या दुधाचं क्रोतँ द शाविन्योल, घट्ट कोंते आणि निळ्या बुरशीचं रोकफोर. कोंते चार महिने मुरलं की विकता येतं, पण तुम्ही वर्षभर मुरलेलंच मागा. जेवणानंतर देणार असाल तर माणशी साठ-सत्तर ग्रॅम. फ्रीजमधून तासभर आधी काढा. सोबत साधा पाव; लसूण-मसाल्याची बिस्किटं नकोत.

खरी गोची वाइनची. ‘चीज म्हटलं की रेड’ हे मीही डोळे मिटून मानलं होतं. सहा पाहुणे, छान पिकलेलं ब्री आणि दोन दिवसांचा बाजार होईल एवढ्या किमतीची रेड बोर्दो. पहिल्याच घोटाला तोंड कडू झालं, जुनं नाणं चघळल्यासारखं. मी मनातल्या मनात चीजवाल्याला शिव्या घातल्या. तो बिचारा निर्दोष होता. अशा जड रेडमध्ये टॅनिन भरपूर असतं. कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, तोच तुरटपणा. ब्रीच्या पांढऱ्या बुरशीच्या सालीशी त्याचं मुळीच पटत नाही. वाइन महाग घेतल्याने हे सुटत नाही, उलट हळहळ वाढते.

म्हणून पांढरी घ्या. ब्रीसोबत शाम्पेन: आंबटपणा आणि बुडबुडे जिभेवरचा लोण्यासारखा थर धुऊन काढतात. शाविन्योलला साँसेर, चीजचं गाव त्याच वाइनच्या मुलखात आहे, डोकं चालवायची गरजच नाही. कोंतेला त्याच्याच ज्युरा भागातली वाँ जोन. ही पिंपात सहा वर्षांहून जास्त राहते आणि अक्रोडासारखी लागते. रोकफोर मात्र खारट, त्याला गोड सोतेर्नच हवी. पेरूला मीठ लावणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. सोतेर्न परवडत नसेल तर पिकलं नाशपती आणि मध. न पिणाऱ्यांना सफरचंदाचा थंडगार रस, चारही चीजना चालतो.

रोकफोर शेवटी खायचं, त्याची सुरीही वेगळी. आणि ब्रीच्या फाकेचं टोक कापून घेऊ नका. फ्रान्समध्ये तो चक्क उद्धटपणा समजतात.

‘रेडच हवी’ म्हणणारा एक पाहुणा असतोच. त्याला हलकी बोजोले ओता, कोंतेजवळ बसवा आणि ब्री हळूच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवा.