शिंदळ माकुडीची ड्रोनद्वारे मोजणी कशी करावी

शिंदळ माकुडी ही सह्याद्रीतील प्रदेशनिष्ठ, मांसल खोडाची वनस्पती माणूस सहज पोहोचू शकत नाही अशा उभ्या कड्यांवर वाढते, त्यामुळे तिच्या मोजणीत ड्रोन उपयोगी पडतो. उड्डाणापूर्वी वन विभागाची, आणि कडा संरक्षित किल्ल्याचा असल्यास पुरातत्त्व खात्याचीही, लेखी परवानगी घ्यावी. तसेच ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हवाई क्षेत्राचा रंग (हिरवा, पिवळा की लाल, म्हणजे तिथे उड्डाणावर किती निर्बंध आहेत) तपासावा.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात, फुले उमललेली असताना उड्डाण करावे, कारण कोरड्या ऋतूत पाने झडलेले खोड माकडशिंग या दुसऱ्या मांसल वनस्पतीसारखे दिसते. फूल जेमतेम २ सेंटीमीटर रुंद असल्याने एका पिक्सेलमध्ये २ ते ३ मिलिमीटरहून अधिक भाग येणार नाही इतके अंतर राखावे. कॅमेरा खाली न रोखता कड्याला काटकोनात ठेवावा (नवखे बहुधा इथेच चुकतात) आणि लगतच्या छायाचित्रांत सुमारे ८० टक्के भाग सामाईक राहील अशा आडव्या फेऱ्या घ्याव्यात. कपारीत गिधाडाचे किंवा ससाण्याचे घरटे दिसल्यास उड्डाण तत्काळ थांबवावे.

छायाचित्रांतील झाडे दोघांनी स्वतंत्रपणे मोजावीत आणि पायी पोहोचता येणाऱ्या एखाद्या पट्ट्यातील प्रत्यक्ष मोजणीशी ती संख्या ताडून पाहावी. हौशी संग्राहकांचा धोका खरा असल्यामुळे अचूक अक्षांश-रेखांश मात्र कुठेही प्रसिद्ध करू नयेत.