पन्हळ चार इंची की सहा इंची? आधी छप्पर मोजा

मी सावंतवाडी भागात घरांची बांधकामं आणि डागडुजी बघते. मे महिना लागला की एकच प्रश्न येतो: "मॅडम, पन्हळ चार इंची घेऊ की सहा इंची?" मी उलट विचारते, छपराची एक बाजू किती बाय किती आहे? दुकानात जाण्याआधी तेवढं मोजलं तर पुढचं सगळं सोपं होतं.

मोजताना टेप कौलांवरून लावू नका. वळचणीच्या (छपराच्या खालच्या कडेच्या) टोकापासून आढ्याच्या (छपराच्या सगळ्यात वरच्या कण्याच्या) बरोबर खाली येईपर्यंत जमिनीवर अंतर घ्या. मग आढं वळचणीपेक्षा किती उंच आहे ते बघून त्याच्या निम्मं त्यात मिळवा. कारण आपल्याकडे पाऊस सरळ पडत नाही, वारा त्याला तिरका मारतो आणि उभ्या चढाचं छप्पर जास्त पाणी झेलतं. समजा घर ४० फूट लांब आहे, आढ्यापर्यंतचं आडवं अंतर १६ फूट आणि आढ्याची उंची ८ फूट. म्हणजे १६ अधिक ४, एकूण २० फूट. गुणिले ४० केलं की ८०० चौरस फूट, म्हणजे साधारण ७४ चौरस मीटर. हे फक्त एका बाजूचं.

आता पाऊस. वर्षाला किती इंच पडतो याचा इथे काहीच उपयोग नाही, जोराची सर तासाला किती पडते ते धरायचं. दिवसाच्या आकड्यानेही फसायला होतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याची तासाची सरासरी काढली तर ४० मिलिमीटरसुद्धा भरत नाही, पण त्यातला बहुतेक पाऊस दुपारपासूनच्या काही तासांत कोसळला होता. घाटावर, पुण्याकडे मी तासाला १०० मिलिमीटर धरते. कोकणात १५०, त्याहून कमी नाही.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हा आपल्या ७४ चौरस मीटरवरून तासाला ११,१०० लिटर उतरणार, सेकंदाला तीन लिटरांहून थोडं जास्त. अर्धगोल पन्हळ जवळजवळ सपाट लावली तर चार इंची सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास नेते, सहा इंची दोन लिटर, आठ इंची चार लिटरच्या वर. रुंदी थोडी वाढवली की वहनक्षमता खूप वाढते, म्हणून चार आणि सहा इंचीत पैसे वाचवण्याच्या मी ठाम विरोधात आहे. या घराला पन्हळीतलं पाणी खाली उतरवणारा पाइप एकाच टोकाला दिला तर आठ इंची पन्हळ लागेल. मधोमध उंच ठेवून दोन्ही टोकांना पाइप दिले तर प्रत्येक बाजूला दीड लिटरच येतं आणि सहा इंची पुरते. मी दुसरा मार्गच सुचवते. एक पाइप पानांनी तुंबला तरी दुसरा काही भार घेतो. उतार दहा फुटांना एक इंच पुरे.

खरी अडचण पाइपात होते. पन्हळ मोठी आणि खाली अडीच इंची पाइप, असं मी कितीतरी घरांवर बघते. पाणी काठावरून सांडतं आणि दोष पन्हळीला मिळतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या कोष्टकात तासाला १५० मिलिमीटर पावसाला ७५ मिलिमीटरचा पाइप १३.६ चौरस मीटर छपराला पुरतो, १०० चा २८.५ ला आणि १५० चा ८३.६ ला. आपल्या प्रत्येक टोकाकडे ३७ चौरस मीटर आहेत. बाजारातला ११० चा पाइप, ज्याला सगळे चार इंची म्हणतात, तो इथे कमी पडतो. १६० चा घ्या. हेच घर पुण्यात असतं तर १०० मिलिमीटर पावसाला चार इंची ४२.७ चौरस मीटरपर्यंत चालतो, म्हणजे ११० चा पुरला असता.

पन्हळीला पाइप जोडतो तिथे नुसतं गोल भोक पाडू नका, नरसाळ्यासारखं तोंड करून घ्या. जाळीही सपाट नको, घुमटासारखी वर उचललेली हवी. फणसाचं एक पान सपाट जाळीवर चिकटलं की अर्धं तोंड बंद. पाइपाला काटकोनी वळणं देऊ नका, पंचेचाळीस अंशांचे बेंड वापरा.

पन्हळ धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटकडे कोणी लक्ष देत नाही. सहा इंची पन्हळ काठोकाठ भरली की मीटरला जवळजवळ नऊ किलो पाणी असतं, ४० फुटांत शंभर किलोंच्या वर. दोन-दोन फुटांवर ब्रॅकेट हवेत, आणि ते वाशात पक्के बसलेले, नुसत्या फळीला ठोकलेले नकोत. कौलाचं टोक पन्हळीत दीड-दोन इंच यावं. बाहेरचा काठ भिंतीकडच्या काठापेक्षा किंचित खाली ठेवा, म्हणजे अतिवृष्टीत पन्हळ भरलीच तर पाणी अंगणात पडेल, मातीच्या भिंतीत मुरणार नाही.

पाइपाचं खालचं तोंड जोत्याला लागून सोडू नका. तिथून चर काढून पाणी पाच-सहा फूट लांब न्या, आणि विहीर जवळ असेल तर पहिल्या एक-दोन सरी वाहून जाऊ देऊन, मगच गाळणीतून विहिरीकडे वळवा.