थेट दुसऱ्या वर्षाला पुण्यात येताना राहण्याची जागा कशी ठरवावी

पदविका पूर्ण करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणारा विद्यार्थी पुण्यात पोहोचतो, तेव्हा बहुतेक वेळा तिसऱ्या सत्राचे वर्ग सुरू झालेले असतात, महाविद्यालयाच्या वसतिगृहातील जागा भरत आलेल्या असतात आणि पहिल्या वर्षापासून एकत्र शिकणाऱ्या मुलांनी आपापले फ्लॅट व रूमपार्टनर कधीच ठरवलेले असतात. त्यामुळे जागेची तयारी प्रवेशफेऱ्या चालू असतानाच करावी लागते. ती करताना आपण पुण्यातल्या आपल्या पहिल्या सत्रापुरती जागा शोधत आहोत, पदवीच्या तिन्ही वर्षांची नाही, एवढी मर्यादा घालून घेतली तर पुढचे बरेचसे निर्णय सोपे होतात.

केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेरीत मिळालेली जागा ‘फ्रीझ’ म्हणजे कायम करायची की ‘बेटरमेंट’साठी, म्हणजे अधिक पसंतीच्या जागेसाठी, पुढच्या फेरीत उतरायचे, हे नक्की होईपर्यंत खोली धरून ठेवण्यासाठी कोणालाही टोकन (आगाऊ रक्कम) देऊ नये. महाविद्यालयांपैकी पीसीसीओई आकुर्डीला, कमिन्स कर्वेनगरला, व्हीआयटी बिबवेवाडीला आणि पीआयसीटी धनकवडीला आहे; आकुर्डीजवळ खोली घेऊन ठेवली आणि पुढच्या फेरीत धनकवडी मिळाली, तर शहर या टोकापासून त्या टोकापर्यंत रोज ओलांडावे लागते, नाहीतर टोकनवर पाणी सोडावे लागते. तोवर फार तर दोन-तीन ठिकाणचे दर विचारून ठेवावेत.

प्रवेश निश्चित झाला की त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज द्यावा. थेट द्वितीय वर्षासाठी काही जागा राखून ठेवल्या आहेत का, प्रतीक्षा यादी कोण पाहते आणि सत्राच्या मध्ये जागा रिकामी झाल्यास ती कोणाला देतात, हे तीन प्रश्न कार्यालयात विचारून यावेत. महाविद्यालयाच्या वसतिगृहावरच विसंबून राहू नये. समाजकल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहांचे अर्ज वेगळे असतात आणि त्यांच्या मुदतीही वेगळ्या असतात. १९५५ पासून ग्रामीण भागातील होतकरू मुलामुलींची पुण्यात राहण्याची सोय करणाऱ्या विद्यार्थी सहाय्यक समितीसारख्या संस्थाही आहेत. तेथे निवड आणि शिस्त दोन्ही असतात, पण खर्चाचा भार पुष्कळ हलका होतो.

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, तर अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. या मदतीसाठी आपण भाड्याने राहत असल्याचा पुरावा द्यावा लागतो आणि नेमकी येथेच अनेकांची गाडी अडते, कारण कॉट बेसिसवर, म्हणजे सामाईक खोलीतील एका खाटेपुरती, जागा देणारे कितीतरी मालक लेखी काही द्यायला तयार नसतात. म्हणून करारनामा मिळेल का, हा प्रश्न डिपॉझिट देण्याआधी विचारावा, नंतर नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला देण्याचा, करार लेखी व नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे, हे माहीत असलेला विद्यार्थी आणि त्याचे पालक जरा ठामपणे बोलू शकतात. मदतीची रक्कम वेळेवर जमा होईलच असे धरून भाड्याचे गणित मात्र मांडू नये.

पहिल्या सत्रापुरती जागा म्हणून कॉट बेसिस मला सर्वांत योग्य वाटते. अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट घ्यायचा तर डिपॉझिट, दलाली, गॅसची व्यवस्था आणि सोबतीला तीन मुले असा सगळा जुगाड करावा लागतो. करारात लॉक-इनची अट असेल तर मध्येच सोडताही येत नाही. शिवाय ‘बॅचलर चालणार नाहीत’ हे वाक्य किती सोसायट्यांतून ऐकावे लागेल, याचा नेम नसतो. कॉट घेताना मात्र काही गोष्टी तोंडी आश्वासनावर सोडू नयेत. एका खोलीत किती कॉट आहेत आणि पुढे वाढणार आहेत का, संडास-बाथरूम किती जणांत आहे, वीजबिल भाड्यात धरले आहे की वेगळे, सोडताना किती दिवस आधी सांगायचे आणि डिपॉझिटमधून रंगकामाच्या नावाखाली काही कापतात का, हे विचारून मालकाला त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवावे. त्याने ‘ठीक आहे’ एवढे उत्तर दिले तरी ते पुढे उपयोगी पडते.

खोली पाहायला सकाळी आठच्या सुमारास जावे, कारण पाण्याचा खरा अंदाज त्याच वेळी येतो. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवण्याची पुण्यात रीतच आहे, तेव्हा टाकी केवढी आहे आणि टँकर येतो का हेही पाहावे. मालकापेक्षा आधीपासून राहणारी मुले अधिक खरे सांगतात. पेठांमधले जुने वाडे स्वस्त आणि मोक्याचे असले, तरी गणेशोत्सवात तेथील रस्ते बंद असतात आणि रात्री अभ्यास होणे कठीण असते. थेट दुसऱ्या वर्षाचे प्रवेश बरेचदा त्याच दिवसांच्या आसपास चालू असतात, ही त्यातली गंमत.

अंतराच्या बाबतीत काटकसर करू नये. उशिरा आलेल्या विद्यार्थ्याला बुडालेली प्रात्यक्षिके, अपुरी जर्नल आणि पदविकेत न झालेले गणित एकाच वेळी भरून काढायचे असते. अशा वेळी दोन बस बदलून येण्यात जाणारे दोन तास महिन्याला वाचणाऱ्या हजार-दीड हजारापेक्षा महाग पडतात. चालत वीस मिनिटांत महाविद्यालय गाठता येईल अशी जागा पहिली. तशी मिळाली नाही तर एकाच बसने किंवा मेट्रोने थेट पोहोचता येईल अशी. मेट्रोचे स्टेशन जवळ आहे म्हणून कोणी जागा खपवू पाहत असेल, तर स्टेशनपासून वर्गापर्यंतचे अंतर स्वतः चालून पाहावे.

जेवणासाठी मेस लावण्यापूर्वी आठ दिवस कूपनावर जेवून पाहावे. गावी गेल्यास खाडे धरतात का आणि रविवारी संध्याकाळी बंद असते का, एवढे विचारले की पुरे.

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वर्गातली मुले ओळखीची झालेली असतात. सत्र संपताना कोणाच्या फ्लॅटमध्ये एक जागा रिकामी होते आहे, हे वर्गात आपोआप कळू लागते. कॉट सोडण्याची सूचना तेव्हा द्यावी, सूचनेचा महिना सत्र परीक्षेच्या काळातच सरेल असा बेत आखावा आणि डिपॉझिट हातात पडेपर्यंत किल्ली परत करू नये.