'नोंद करा' कुठं गेलं? टीकेइंटरमध्ये विंडो आपोआप मांडून घ्यायची रीत

पहाटे पावणेसहाला मामाचा फोन. दूध संस्थेत रांग लागलेली आणि माझ्या प्रोग्राममधलं 'नोंद करा' हे बटण गायब. "अगं, काल संध्याकाळपतोर होतं की," मामा म्हणाला, "आज न्हाई."

मामा आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव. आदल्या रात्री त्याच्या मुलानं, बाबांना अक्षरं दिसत नाहीत म्हणून, विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग १०० वरून १५० टक्क्यांवर नेलं होतं. लॅपटॉप १३६६ बाय ७६८चा. १५० टक्क्यांवर माझ्या प्रोग्रामच्या हिशेबानं पडदा उरला जेमतेम ९१० बाय ५१२ पिक्सेलचा, आणि मी ते बटण वरून ५६० पिक्सेलवर खिळा ठोकल्यासारखं बसवलेलं. बटण होतं तिथंच होतं. ती जागाच पडद्याच्या खाली गेली होती.

त्या सकाळी मामानं न दिसणाऱ्या बटणापर्यंत टॅब दाबत जाऊन, स्पेसबार मारून सगळ्या नोंदी केल्या. 'फॅट, एसएनएफ झालं की दोन टॅब, मग स्पेस' असं पुठ्ठ्यावर लिहून त्यानं ते लॅपटॉपशेजारी टेकवून ठेवलं होतं. (एसएनएफ म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ.) तो पुठ्ठा मी घरी आणला.

चूक माझी, आणि सवय जुनी. मी शिकले व्हिज्युअल बेसिक ६ वर. फॉर्मवर चौकट ओढायची, माउसनं जागेवर सोडायची, तिचं माप ट्विपमध्ये, म्हणजे इंचाला १४४०. विंडो मोठी केली की सगळं डाव्या कोपऱ्यात गोळा होऊन बसायचं, मग रिसाइझ इव्हेंटमध्ये एकेकाला हातानं ढकलायचं. पुढं पायथनवर आले तरी विंडो-बटणं बनवायच्या टीकेइंटरमधलं (त्याच्या पोटात 'टीके' नावाचं साधन असतं) 'प्लेस', म्हणजे पिक्सेलनं नेमकी जागा सांगणं, वापरून मी तेच करत राहिले. आता नव्यानं शिकणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच, की 'प्लेस' नावाची गोष्ट आहे हे काही महिने विसरा. कोण कुठं बसणार हे तुम्ही ठरवू नका. जागा जास्त झाली तर ती कुणाला द्यायची आणि कमी पडली तर कुणी सरकून घ्यायचं, एवढंच ठरवा. बाकीची बेरीज-वजाबाकी टीके करतं.

म्हणून आधी कागद घ्या. मामाच्या स्क्रीनचं चित्र असं: वर भरायच्या चौकटी, त्यात दिनांक, सत्र (सकाळ की संध्याकाळ), उत्पादक क्रमांक, नाव, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. मध्ये त्या सत्रात झालेल्या नोंदींची यादी. खाली तीन बटणं: नोंद करा, पावती, बंद. आता पेन्सिलीनं बाण काढा, कोण आडवं ताणलं तर चालेल आणि कोण उभं. माझ्या कागदावर बाण दोनच ठिकाणी आले. 'नाव' आडवं ताणायचं, आणि यादी दोन्हीकडं. फॅटच्या चौकटीत ३.५ आणि एसएनएफच्या चौकटीत ८.५ एवढंच लिहायचं असतं, ती पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून काय उपयोग? हा कागद दहा मिनिटांचा असतो आणि नंतरचे दोन दिवस वाचवतो.

मग विंडोचे आडवे तीन पट्टे करा, म्हणजे तीन फ्रेम. ते 'पॅक'नं, म्हणजे एकामागोमाग एक कडेला लावायच्या पद्धतीनं लावा, पण क्रम नीट बघा. आपल्या मनात वर, मध्ये, खाली असा क्रम येतो. तसं करू नका. पॅक आलेल्या क्रमानं जागा वाटत जातो, आणि जागा संपली की जो शेवटी आला त्याच्याच वाट्याला कात्री येते. शेवटी बटणांचा पट्टा लावलात की छोट्या पडद्यावर पुन्हा बटणंच गायब. म्हणून आधी वरचा पट्टा, 'साइड' टॉप, 'फिल' एक्स. लगेच दुसरा बटणांचा, 'साइड' बॉटम, 'फिल' एक्स. आणि सगळ्यात शेवटी यादीचा, 'फिल' बोथ आणि 'एक्स्पांड' ट्रू. आता विंडो कितीही दाबा, चार ओळी कमी दिसतील त्या यादीतल्या, आणि यादीला तसाही स्क्रोलबार असतो. या तीन ओळींचा क्रम बदलला आणि मामाचं अर्धं दुखणं गेलं.

'फिल' आणि 'एक्स्पांड' यांत बहुतेकांची गल्लत होते. एक्स्पांड म्हणजे उरलेल्या जागेवर हक्क सांगणं. फिल म्हणजे मिळालेली जागा अंगभर व्यापणं. नुसतं एक्स्पांड दिलं, तर वाट्याला मोठा हॉल येतो आणि कंट्रोल (चौकट, बटण, लेबल यांतलं काहीही) मधोमध एकट्या खुर्चीसारखं बसून राहतं.

वरच्या पट्ट्याच्या आत मात्र 'ग्रिड', म्हणजे ओळी आणि रकाने पाडून मांडणं. लेबलं एकाखाली एक सरळ रेषेत यायला हवीत, ते पॅकचं काम नव्हे. एक नियम पाळा: एका फ्रेमच्या थेट आतल्या पोरांना एक तर पॅक लावा नाही तर ग्रिड. दोघं एकाच घरात कारभार करायला लागले की भांडतात. जुन्या टीकेमध्ये दोघं एकमेकांची मांडणी मोडत बसायचे आणि प्रोग्राम गोठून जायचा. ८.६ आवृत्ती निदान एरर देऊन मोकळी होते. आतल्या वेगळ्या फ्रेममध्ये वेगळा कारभारी चालतो, त्याला काही हरकत नाही.

ग्रिडमध्ये दोन गोष्टी जोडीनं लागतात, 'वेट' आणि 'स्टिकी'. वेट रकान्याला द्यायचा असतो, कॉलमकॉन्फिगर वापरून. तो मुळात शून्य असतो, म्हणजे काही दिलं नाही तर रकाना जागचा हलत नाही. स्टिकी कंट्रोलला द्यायचं असतं: एन, एस, ई, डब्ल्यू, म्हणजे उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम, आपल्या खणाच्या कोणकोणत्या भिंतीला चिकटायचं ते. 'नाव' चौकटीला ई आणि डब्ल्यू, म्हणजे दोन्ही बाजूंना चिकटून ती ताणली जाते. लेबलाला फक्त डब्ल्यू दिलं की ते डावीकडं जाऊन बसतं. वेट दिला आणि स्टिकी विसरलात तर खण वाढतो, चौकट तेवढीच राहते. स्टिकी दिली आणि वेट विसरलात तर काहीच होत नाही, आणि मग माणूस तासभर स्पेलिंग तपासत बसतो. मी बसले आहे.

फ्रेमच्या आत फ्रेम, तिच्या आत ग्रिड असं असलं की प्रत्येक पातळीवर ताणायची परवानगी द्यावी लागते. आजोबांनी दिली, बापानं दिली नाही, तर नातवापर्यंत जागा पोचत नाही. आतली चौकट ताणत नसेल तर तिच्याकडं बघत बसू नका. बाहेरून आत या, आणि साखळी कुठं तुटली ते शोधा. शोधायची सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक फ्रेमला तात्पुरता वेगळा भडक रंग द्या. (टीटीके, म्हणजे टीकेचा थीमवाला संच, त्याची फ्रेम बॅकग्राउंड थेट घेत नाही, तेवढ्यापुरती साधी टीके फ्रेम वापरा.) विंडोचा कोपरा ओढला की पिवळं वाढतंय आणि हिरवं अडलंय हे लगेच दिसतं. माझी विंडो त्या आठवड्यात शिमग्यासारखी दिसत होती.

वेटचा अर्थही नीट समजून घ्या. दोन रकान्यांना १ आणि १ वेट दिला म्हणजे दोन्ही सारखे होत नाहीत. वेट फक्त वरच्या उरलेल्या जागेचा वाटा ठरवतो. एका रकान्याची मूळ मागणी १०० पिक्सेल, दुसऱ्याची ३००, आणि जागा मिळाली ६००. उरले २००, ते निम्मे निम्मे वाटून २०० आणि ४०० होणार. दोन्ही खरोखर सारखे, ३००-३०० हवे असतील तर दोघांना 'युनिफॉर्म'मध्ये एकच नाव द्या, कोणतंही.

आता देवनागरीची गोष्ट. इंग्रजीत लिहिलेल्या धड्यांत ही सापडत नाही. लेबलाला किंवा बटणाला 'विड्थ' देऊ नका. ते माप अक्षरांत असतं, आणि आपल्या लिपीत काना, मात्रा, जोडाक्षरं यांनी त्या मोजणीचा काही मेळ बसत नाही. काही न देता सोडलं, की टीके मजकूर मोजून हवी तेवढी जागा स्वतः मागतं. 'सेव्ह'चं 'नोंद करा' झालं तरी कुणाचा कान कापला जात नाही.

याला अपवाद आकड्यांचा. दराचं लेबल दर नोंदीला बदलतं. म्हशीचं दूध आलं की आकडा मोठा, गाईचं आलं की लहान, आणि रक्कम तर ९५.०० वरून १,२४०.५० वर जाते. विड्थ न दिल्यानं लेबल दर वेळी नवी जागा मागायचं, ग्रिड पुन्हा मांडायचा, आणि शेजारचं सगळं इंचभर डावीकडं, पुन्हा उजवीकडं. मामा म्हणाला, "हे सारखं नाचतंय कशापायी?" तर अशा लेबलांना विड्थ १० आणि 'अँकर' ई द्या. आकडे उजवीकडून लागतात, दशांश चिन्ह एकाखाली एक येतं, नाचणं थांबतं.

यादीसाठी मी ट्रीव्ह्यू, म्हणजे टीटीकेमधलं रकान्यांच्या यादीचं कंट्रोल, वापरते, आणि त्यात दोन खड्डे आहेत. पहिला रुंदीचा. ट्रीव्ह्यूचा प्रत्येक रकाना मुळात २०० पिक्सेल मागतो. माझे रकाने ७, म्हणजे १४०० पिक्सेल, पडदा १३६६चा! शिवाय 'शो'मध्ये फक्त हेडिंग्ज असं सांगितलं नाही तर डावीकडं झाडाचा रिकामा रकाना येतो, त्याचे आणखी २००. आकड्यांच्या रकान्यांना ७०-८० रुंदी देऊन त्यांचा 'स्ट्रेच' बंद करा, फक्त नावाचा चालू ठेवा. ओळींची 'हाइट' मुळात १० असते, ती ४ करा. मागणी लहान ठेवायची आणि वाढायला मोकळीक द्यायची. पॅकचं एक्स्पांड आहेच, जागा असली की यादी आपोआप खाली पसरते.

दुसरा खड्डा उंचीचा, आणि तो आपल्याला जास्त लागतो. ८.६ मध्ये ट्रीव्ह्यूच्या ओळीची उंची २० पिक्सेल ठरलेली, फॉन्ट कोणताही असो. रोमन अक्षरं त्यात मावतात. आपल्याकडं वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळं निर्मला यूआय हा विंडोजमधला देवनागरी फॉन्ट थोडा मोठा केला की खालचे उकार कापले जातात. उकार कापल्यावर उत्पादकाच्या नावाचं काय होतं ते मी सांगायला नको. उपाय असा: फॉन्टच्या मेट्रिक्समधून, म्हणजे मापांतून, 'लाइनस्पेस' (एका ओळीला लागणारी उंची) विचारून घ्या, त्यात ६ मिळवा, आणि स्टाइलमध्ये ट्रीव्ह्यूची 'रोहाइट' तेवढी करा. तपासायला जुन्या पोथ्यांतला 'पूर्वीं' हा शब्द घ्या. वर रफार, दीर्घ वेलांटी आणि अनुस्वार, खाली दीर्घ ऊकार. तो अख्खा दिसला तर सगळं गाव दिसेल.

फॉन्ट प्रत्येक कंट्रोलला वेगवेगळा देऊ नका. टीकेचे नाव असलेले फॉन्ट असतात: टीकेडिफॉल्टफॉन्ट लेबल-बटणांसाठी, टीकेटेक्स्टफॉन्ट लिहायच्या चौकटींसाठी, टीकेहेडिंगफॉन्ट यादीच्या मथळ्यांसाठी. यांचा आकार बदलला की ते वापरणारं प्रत्येक कंट्रोल नव्यानं जागा मागतं आणि अख्खी विंडो पुन्हा मांडली जाते. मी कंट्रोल आणि अधिक या दोन कळांना हेच काम लावलं: तिन्ही फॉन्ट एकेक पॉइंट वाढवायचे, रोहाइट पुन्हा काढायची. मामाला विंडोजच्या सेटिंगमध्ये जायची गरजच उरली नाही.

सगळं बांधून झालं की विंडोची किमान मर्यादा घाला. अपडेट आयडलटास्क्स एकदा चालवा, म्हणजे टीके मोजमाप पूर्ण करतं. मग विंडोला विचारा की तुझी मागणी किती (विनफो रेकविड्थ आणि विनफो रेकहाइट), आणि तेच आकडे 'मिनसाइझ'ला द्या. स्वतःच्या मनानं ८००, ६०० लिहू नका. उद्या एक चौकट वाढली की ते आकडे शिळे होतात. फॉन्ट वाढवल्यावरही हे पुन्हा करायचं असतं. मी पहिल्यांदा विसरले होते.

विंडोजवर अक्षरं धुरकट दिसत असतील तर प्रोग्राम सुरू होतानाच, विंडो बनवायच्या आधी, डीपीआय अवेअरनेस चालू करा, म्हणजे पडद्याचं स्केलिंग मी स्वतः बघतो असं प्रोग्रामनं विंडोजला सांगणं. पण हे मांडणी पक्की झाल्यावरच. ते चालू झालं की पॉइंटमधले फॉन्ट पडद्याच्या हिशेबानं मोठे होतात, पिक्सेलमध्ये लिहिलेलं मात्र तेवढंच राहतं, आणि कुठं कुठं खिळे ठोकलेत ते सगळे उघडे पडतात. मोकळ्या जागेसाठीचे पॅडएक्स, पॅडवाय म्हणून पॉइंटमध्येच द्या, आकड्यापुढं पी लावून.

नवीन आवृत्ती घेऊन मी रविवारी संध्याकाळच्या सत्राला गेले. मामानं पहिल्यांदा विंडोचा कोपरा धरला आणि आत दाबत नेला, थांबेपर्यंत. मग कंट्रोल-अधिक चार वेळा. 'नोंद करा' खाली होतं तिथंच. यादीत चारच ओळी उरल्या होत्या, त्यावर मामाचं काही म्हणणं नव्हतं. पण बोटं काही बटणाकडं गेली नाहीत. फॅट, एसएनएफ, दोन टॅब, स्पेस. आता ती सवय लागली, म्हणाला, आणि हेच बरं पडतंय, माउस कशाला धरायचा ओल्या हातानं. घरी येऊन मी टॅबचा क्रम एकदा तपासून घेतला. ग्रिडमध्ये हलवाहलव केली तरी टॅब फिरतो तो कंट्रोल ज्या क्रमानं तयार केले त्या क्रमानं, आणि 'पावती' आधी तयार केलं असतं तर तेच मध्ये आलं असतं.